गाव विचारायचं नाही

संध्याकाळी ऑफिसातून निघताना सर 'येतो' असं म्हणत नसत. पिशवी खांद्याला लावायची, दिव्याचं बटण बंद करायचं आणि दारात क्षणभर उभं राहून म्हणायचं, "उद्या यायचा विचार आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला ते खुर्चीत हजर. मी तिथे होते तेवढ्या काळात त्यांचा एकही खाडा मला आठवत नाही. एकदा सिल्वियाने न राहवून विचारलं, "सर, रोज तर येता. मग 'उद्या येतो' म्हणायला काय जातं तुमचं?"

"मध्ये रात्र आहे ना," ते म्हणाले. "तिचं मी कसं सांगू?"

हे ते विनोदाने म्हणत नसत. त्यांच्या चेहऱ्यावर विनोद असा कधी दिसलाच नाही. हसायचो ते आम्ही, आणि ते शांतपणे आमचं हसू संपायची वाट बघायचे.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, मुलुंडची. तिथे एक खाजगी टेक्निकल इन्स्टिट्यूट होतं. नाव सांगत नाही, आता ते राहिलेलंही नाही. खाली पिठाची चक्की आणि वर दोन मजल्यांवर आम्ही. ड्राफ्ट्समन, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, सेक्रेटरियल कोर्स, आणि कापडी झाकण घालून ठेवलेला एक कॉम्प्युटर, जो पालकांना लांबूनच दाखवायचा. चक्कीमुळे आमच्या टेबलांवर, फॉर्मांवर, रजिस्टरांवर सदैव पिठाचा पातळ थर असायचा. मी संध्याकाळी घरी गेले की आई माझे केस झटकत म्हणायची, "तुला तिथे लिहायला बसवतात की दळायला?"

दहावीचा निकाल लागायच्या आधी ही संस्था पाच-सहा 'प्रवेश प्रतिनिधी' नेमायची. आलेल्या पालकांना कोर्सची माहिती द्यायची, भांडुपपासून गोवंडीपर्यंतच्या शाळांत जाऊन पत्रकं वाटायची, आणि पोरं आणायची. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. भांडुपला राहायचो आम्ही. वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि ते दिवसभर खिडकीत बसून असत. घरात येणारा पगार माझाच, तोही अजून यायचा होता. सिल्विया मरोळ गावातली. तिच्या आजोबांच्या शेतावर आता कंपन्यांच्या शेड होत्या, आणि "आमचा भात कापायचे तिथे आता पत्रा कापतात" हे ती हसत हसत सांगायची. आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो.

टेबलावर बसवण्याआधी आम्हाला तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. ते सर द्यायचे. खरं तर ते तिथे हेडक्लार्क. ट्रेनिंग द्या असं त्यांना बहुधा कोणी सांगितलंही नव्हतं. चेअरमनसाहेब, म्हणजे संस्थेचे मालक, त्यांची समजूत अशी की सर आम्हाला पत्रकं कशी वाटायची ते शिकवतात.

पहिल्या दिवशी सर वर्गात आले ते हातात देवघरातली पितळी घंटा घेऊन. ती टेबलावर ठेवली. फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : नक्की. शंभर टक्के. काळजीच सोडा. माझ्यावर सोपवा. घरचंच समजा. आल्यातच जमा.

"प्रतिनिधी," ते म्हणाले. आम्हाला सगळ्यांना ते याच नावाने हाक मारायचे, आणि अहो-जाहो करायचे. "हे शब्द आपल्याकडे मिळत नाहीत. कोणी मागितले तरी नाहीत."

त्या तीन दिवसांत यातला कुठलाही शब्द कोणाच्या तोंडून निघाला की घंटा वाजायची. चहाच्या वेळी सिल्विया पोऱ्याला म्हणाली, "माझ्यात साखर नक्की जास्त टाक." टण्. उद्घाटनाला म्हणून चेअरमन दोन मिनिटं येऊन गेले आणि बोलता बोलता म्हणाले, "आपल्या ड्राफ्ट्समन कोर्सची सरकारी मान्यता आल्यातच जमा आहे." टण्. आम्ही श्वास रोखून बसलो. चेअरमन हसले. तेव्हा ते हसले, हे मला नीट आठवतं.

"आल्यातच जमा म्हणजे आलेली नाही," ते गेल्यावर सर म्हणाले. "मान्यतेसाठी अर्ज केला आहे. अजून आलेली नाही. आली नाही तर सर्टिफिकेट संस्थेचं मिळेल, सरकारचं नाही. हे तीन वाक्यांत सांगायचं. म्हणा." आम्ही पाढे म्हणावेत तसं म्हटलं.

मग ते स्वतः पालक होऊन समोरच्या खुर्चीत बसायचे. घाटकोपरची गुजराती आई व्हायचे, गोवंडीचा रिक्षावाला व्हायचे, आणि मालवणी बाप तर असा व्हायचे की माझे वडीलच समोर येऊन बसलेत असं वाटायचं. "माझ्या झिलाक नोकरी गावतली काय, तां माका आधी सांग." मुलाला नोकरी मिळणार का, एवढंच. आणि समोरच्या प्रतिनिधीला घाम फुटायचा. पण सगळ्यात अवघड असायची ती गप्प बसणारी आई. सर काही बोलायचेच नाहीत. नुसते खुर्चीत बसून आमच्याकडे बघत राहायचे. एक मिनिट जायचं, दोन जायची, आणि मग आमच्यातला कोणीतरी ती शांतता सहन न होऊन बडबडायला लागायचा. नोकरी, पगार, परदेश, सगळं देऊन मोकळा व्हायचा. टण्, टण्, टण्.

"समोरचा गप्प बसला की आपली जीभ सुटते," सर म्हणायचे. "तिथे सांभाळा."

त्यांचे नियम सगळे असेच उफराटे. पालकांना संस्था दाखवायची ती संडासापासून. आधी संडास, मग अंधारा जिना, मग तीन ड्रॉइंग बोर्ड मोडलेला हॉल, आणि शेवटी कॉम्प्युटर. "खराब आधी बघून घेऊ दे. चांगलं काय, ते आपणहून दिसतं." प्रवेश झाल्याच्या आनंदात पालक पेढे आणायचे. ते घ्यायचे नाहीत. "प्रवेशाचा पेढा खायचा नाही. निकालाचा खायचा." त्या वर्षी पेढ्यांचे किती पुडे आमच्या डोळ्यांदेखत परत गेले, त्याचं दुःख सिल्वियाला पुढे लग्न होईपर्यंत होतं.

आणि सर्वांत मोठा नियम : पालकाला गाव विचारायचं नाही.

हे आम्हाला काही केल्या पटेना. मुंबईत दोन माणसं भेटली की दुसरा प्रश्न तोच असतो. आमच्या घरात तर पहिला. मी तसं म्हटलं, तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला.

"गाव विचारलं की तालुका निघतो," ते म्हणाले. "तालुका निघाला की कोणाची तरी आत्या निघते. आत्या निघाली की माणूस प्रश्न विचारायचं थांबवतो. पालकाचे प्रश्न आपण बंद पाडायचे नाहीत, प्रतिनिधी."

त्यांचं स्वतःचं गाव कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याबद्दल माहीत नसलेल्या गोष्टींची यादी मोठी होती. ते आधी मरोळच्या एका कारखान्यात लेबर ऑफिसर होते आणि कारखाना बंद होणार नाही असा शब्द त्यांनी कामगारांना दिला होता, मग महिन्याभरात टाळं लागलं, असं शिपाई सांगायचा. ते कोर्टात कारकून होते आणि साक्षी ऐकून ऐकून असे झाले, असं दुसरा सांगायचा. मी एकदा धीर करून विचारलं. "त्या वेळची वही माझ्याकडे नाही," एवढंच म्हणाले.

वही म्हणजे त्यांचं खास प्रकरण. प्रत्येक प्रतिनिधीला एक शंभरपानी वही मिळायची. तिच्यात सरांनी स्वतः पट्टीने तीन रकाने आखलेले असत : पालकाने काय विचारलं, आपण काय बोललो, त्यावर पालक काय म्हणाला. पालक जिना उतरायच्या आत लिहायचं. शब्द न् शब्द. दर दोन-तीन दिवसांनी सर एकेकाची वही घेऊन बसायचे, सपाट आवाजात ती मोठ्याने वाचायचे आणि पानाच्या तळाला सही करायचे. सहीच्या खाली लिहायचे : शिकवणारा. सिल्विया म्हणायची, "यार, आपलंच बोलणं आपल्याला ऐकवतात. याच्यापेक्षा चर्चमध्ये कन्फेशन बरं, तिथे लिहायला तरी लागत नाही."

पण तिच्या लग्नाला मरोळच्या त्या जुन्या चर्चमध्ये सगळ्यांत आधी आलेले पाहुणे सर होते. पत्रिका दिली तेव्हा "इच्छा आहे, पाय चालले तर बघू" म्हणाले होते. चर्चचं दारही उघडलं नव्हतं म्हणे, तेव्हापासून बाहेरच्या पायरीवर बसून होते, इस्त्रीचा सदरा घालून. पण ते खूप नंतरचं, सर संस्थेत नव्हते तेव्हाचं. त्याआधीचं मला सांगायचं आहे, आणि ते सांगायला मी उगाच वेळ लावते आहे.

निकाल लागून तीनेक आठवडे झाले होते. सोमवार होता. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. नाहूरला राहणारे, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. मुलीचं नाव सुनंदा. बरे मार्क होते आणि तिला ड्राफ्ट्समन व्हायचं होतं. हातात कंपासपेटी घेऊन आली होती. माहिती विचारायला येताना कंपासपेटी कशाला आणायची असते, पण आणली होती. मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. संडास दाखवला, जिना दाखवला, मोडके बोर्ड दाखवले. मान्यतेची तीन वाक्यं सांगितली. त्या गृहस्थांनी ती ऐकली, मान हलवली आणि पिशवी उचलली. जाता जाता मुलीला म्हणाले, "चल गो बाय."

ते 'गो' आमच्या घरातलं होतं. दिवसभर पुस्तकी मराठी बोलून कंटाळले होते मी. तोंडातून निघून गेलं, "काका, तुमचो गाव खंयचो?"

कणकवली तालुका निघाला. आमच्यापासून तिसरं गाव. आणि त्यांची बहीण आमच्याच वाडीत दिलेली. आत्या निघाली. काकांनी पिशवी परत खाली ठेवली. त्यांचा सगळा चेहरा बदलला, आणि माझाही बदलला असणार. पाच मिनिटं आम्ही आंबे, देवळाची जत्रा, कोण वारलं, कोणाचं घर शाकारलं यावर बोललो. मग ते टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाय, आता खरां सांग. मान्यता मिळतली मां?"

समोर माझा पहिलावहिला प्रवेश होता. आणि खरं सांगायचं तर नुसता तोच नव्हता. त्यांना आनंद द्यावा असं मला मनापासून वाटलं.

"इलीच समजा, काका," मी म्हणाले. "आपल्या माणसाक मी खोटां सांगान?"

"मगे बरां," ते म्हणाले. "सरकारी आयटीआयचो कागद इलो हा. शुक्रवारपर्यंत हजर रवाक सांगलां हा. पण तां लांब पडता. सोडतंय मगे." सरकारी जागा सोडून देतो म्हणाले, आणि सुनंदाचा शाळेचा मूळ दाखला नि मार्कशीट त्यांनी माझ्या हातात दिली. दाखला एकदा आमच्या कपाटात गेला की मूल आमचं झालं. दुसरीकडे कुठे प्रवेश घ्यायला ते जाऊच शकत नसे.

ते जिना उतरले आणि मी वही उघडली. पहिल्या रकान्यात प्रश्न लिहिला. तिसऱ्या रकान्यात आयटीआय, शुक्रवार, सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. ते त्यांचं बोलणं होतं, त्यात मला काय भीती? मधल्या रकान्यात लिहिलं : मान्यतेबद्दल माहिती दिली.

सरांच्या हातात माझी वही पडली ती गुरुवारी दुपारी. खालच्या चक्कीची घरघर चालू होती, सिल्विया शेजारी फॉर्म लावत होती. सर वाचत वाचत त्या ओळीवर आले आणि थांबले.

"हे वाक्य नाही, प्रतिनिधी," ते म्हणाले. "हे झाकण आहे. खाली वाक्य काय होतं?"

मी सांगितलं. घंटा त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती वाजवली नाही. उलट तिच्यावर तळहात ठेवला, जणू ती आपणहून वाजेल.

"गाव विचारलंत?"

"हो."

त्यांनी तिसरा रकाना पुन्हा वाचला. "शुक्रवार म्हणजे उद्या," म्हणाले, आणि उठले.

मूळ दाखले ठेवायच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. पण चेअरमनच्या सहीशिवाय त्यातला कागद बाहेर काढायचा नाही, हा संस्थेचा पक्का नियम. हा नियम सरांनी इतकी वर्षं देवासारखा पाळलेला. आणि चेअरमन त्या मान्यतेच्याच खटपटीसाठी पुण्याला गेलेले, शनिवारी यायचे होते. सरांनी कपाट उघडलं, सुनंदाचा दाखला नि मार्कशीट काढली, त्यावरचं पीठ झटकलं. मग बाहेर गेलेल्या कागदांचं रजिस्टर ओढलं आणि लिहायला घेतलं.

मी वाकून बघितलं. 'मूळ दाखला व मार्कशीट पालकांस परत. चेअरमनसाहेबांची सही नाही. देणारा : मी.' आणि खाली पूर्ण सही.

"सर, लिहू नका ना," मी म्हणाले. "एवढे दाखले आहेत कपाटात. एक कमी झाला तर कोणाला कळणारे?"

"बरोबर बोलतेय ती," सिल्विया म्हणाली. "कशाला स्वतःची वाट लावून घेता?"

सरांनी शाई वाळायला पानावर फुंकर घातली. "कागद गेला तर गेल्याचं लिहिलेलं असावं," म्हणाले. "चला, प्रतिनिधी."

तेव्हा नाहूरला जायचं म्हणजे मुलुंडहून रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने चालत. चिखल होता. सर पुढे, मी मागे. मी रडत होते. मागे न बघता ते म्हणाले, "आत्ता रडू नका. तिथे गेल्यावर बोलण्याऐवजी तेच पुढे कराल."

बैठ्या चाळीतली एक खोली. काका नुकतेच ड्युटीवरून आले होते. सुनंदाची आई स्टोव्हजवळ होती. सुनंदाने ट्रंकेच्या झाकणावर कागद लावून त्यावर खोलीचाच नकाशा काढायला घेतला होता. मला बघून काकांना कोण आनंद झाला. आईला म्हणाले, "अगो, ही आपली गाववाली." मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

सरांनी दाखला काढून जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका," मी म्हणाले, "मान्यता आलेली नाही. कधी येईल तेही माहीत नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

काकांना ते आधी कळलंच नाही. मग त्यांना वाटलं, दुसऱ्या कोणाला जागा द्यायची आहे म्हणून आम्ही ही थाप मारतोय. ते सरांवर चिडले. "सोमवारी येक सांगतास, आज दुसरां सांगतास. खरां खंयचां?" मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "गाववाली म्हणान मी इस्वास ठेवलंय गो."

"म्हणूनच बोलले, काका," मी म्हणाले. याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

सुनंदा नकाशावरची पेन्सिल तशीच धरून बसली होती. "म्हणजे मी आता कुठेच नाही का?" तिने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे. उत्तर सरांनी दिलं.

"आयटीआयच्या कागदावर शुक्रवार लिहिलाय, एवढं मला माहीत आहे," ते म्हणाले. "तिथे उद्या घेतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण दाखला आता तुमच्या हातात आहे. खिडकी सकाळी उघडते. उघडायच्या आधी जाऊन उभे राहा."

काका म्हणाले, तो कागद आता कुठे असेल, सोमवारी घरी येऊन टाकूनच दिला. तेव्हा इतका वेळ एक अक्षर न बोललेली आई उठली आणि तिने देवाच्या फोटोमागून घडी केलेला कागद काढून सुनंदाच्या पुढ्यात ठेवला. तिने तो टाकला नव्हता. सरांनी त्या बाईला बसल्या जागेवरून नमस्कार केला.

काका आता सरांकडे निरखून बघत होते. "तुमचो गाव खंयचो?"

"ते नंतर. आधी उद्याचं ठरवा."

उद्याचं ठरलं. काका सुट्टी घेणार, मुलीला घेऊन पहाटे निघणार. आम्ही उठलो. सर उंबऱ्याबाहेर गेले, चपला घातल्या, आणि मग वळून म्हणाले, "माझो गाव कुडाळाकडचो. आता सांगतंय."

इतका वेळ हा माणूस एका मालवणी घरात बसून पुस्तकी मराठी बोलत होता. दोन शब्द आपल्या भाषेत बोलला असता तर काकांनी पहिल्या मिनिटाला ऐकलं असतं. काकांना हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी सरांचा हातच धरला. "मगे च्या घेतल्याशिवाय कसे जातास?" आम्ही परत आत गेलो आणि चहा घेतला. सरांनी बशीत ओतून घेतला. गावाकडे पाऊस किती झाला, ते दोघं बोलत राहिले. इतकं बोलताना मी सरांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

शनिवारी चेअरमन आले. मान्यतेचं काम झालं नव्हतं, त्यामुळे आधीच तापलेले. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडं करून सरांनीच ठेवलं होतं. आम्हा सगळ्या प्रतिनिधींना केबिनमध्ये बोलावलं.

"सहीशिवाय दाखला का दिला?"

"मान्यता आली असं पालकांना सांगितलं गेलं होतं," सर म्हणाले. "त्यावर विसंबून ते सरकारी जागा सोडत होते."

"कोणी सांगितलं?"

चेअरमननी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. "मी विचारतोय, यांच्यापैकी कोणी सांगितलं?"

सिल्वियाने माझ्याकडे बघितलं नाही. ती मुद्दाम बघत नव्हती, हे मला कळत होतं. टेबलाच्या काचेवर पीठ होतं, आणि त्यावर कोणीतरी बोट फिरवून रेघ मारली होती. मी त्या रेघेकडे बघत राहिले. खिडकीत बसलेले माझे वडील दिसत होते मला. काकांसमोर बोलले होते की मी, मग इथे काय झालं? तिथे माझं काही जाणार नव्हतं, इथे जाणार होतं. एवढंच होतं ते, त्याला दुसरं नाव नाही.

"प्रतिनिधींनी काय बोलायचं ते मी शिकवतो," सर म्हणाले. "शिकवणारा मी."

"मग सोमवारपासून येऊ नका," चेअरमन म्हणाले.

सरांनी आपल्या टेबलावरची घंटा कापडात गुंडाळून पिशवीत टाकली. कपाटाची किल्ली शिपायाकडे दिली. दिव्याचं बटण बंद केलं, भर दुपार होती तरी. दारात थांबले. आम्ही सगळे उभेच होतो.

"सोमवारी येणार नाही," ते म्हणाले. "हे नक्की."

हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला. सिल्विया जिन्यात बसून रडली. मी रडलेही नाही.

मी तिथे आणखी दोन वर्षं काढली. नवे प्रतिनिधी आले, त्यांना कोणी वह्या दिल्या नाहीत. जुन्या वह्या रद्दीत गेल्या. माझी मी आधीच घरी नेली होती. मान्यता पुढे आली, पण आधीच्या बॅचना तिचा उपयोग नव्हता. मग मला बँकेत नोकरी लागली, आणि राजीनामा दिला त्या संध्याकाळी मी पत्ता शोधत सरांच्या घरी गेले. वही पिशवीत होती.

मुलुंडलाच एका खोलीत राहायचे ते. लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. दार उघडलं, मला ओळखलं, "या, प्रतिनिधी" म्हणाले, जणू मी कालच भेटले होते. बँकेचं सांगितलं, त्यावर मान हलवली. मग फडताळावरून पेढ्यांचा पुडा काढून एक माझ्या हातावर ठेवला.

"नाहूरहून आलाय," म्हणाले. "सुनंदा पास झाली. बापलेक दोघं येऊन गेले काल."

पेढा हातात धरून मी तशीच उभी. शेवटी म्हणाले, "सर, त्या दिवशी केबिनमध्ये मी गप्प बसले."

"हो."

"तुम्हाला राग नाही आला?"

त्यांनी विचार केला. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचा ते नेहमी खरंच विचार करायचे. "आला," म्हणाले. "दोन-तीन महिने होता. मग लक्षात आलं. वहीत रकाने तीनच होते. विचारलेलं, बोललेलं, त्यावर ते काय म्हणाले ते. जे बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, त्याला मी जागाच ठेवली नव्हती. ती शिकवण्यातली चूक. वही आणलीय?"

मी पेढा डाव्या हातात घेतला आणि वही काढून दिली. त्यांनी शेवटचं कोरं पान उघडलं, खणातून पट्टी काढली आणि समासाच्या कडेला सावकाश चौथा रकाना आखला. मग पेन माझ्यापुढे केलं.

मी लिहिलं : 'मान्यता आली असं मी सांगितलं होतं. सरांनी नव्हे.' आणि शेजारी त्या शनिवारची तारीख घालायला लागले. त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"आजची घाला," म्हणाले. "बोललात आज."

मी त्या दिवशीची तारीख घातली. त्यांनी ती ओळ त्याच सपाट आवाजात मोठ्याने वाचली, तळाला सही केली आणि खाली लिहिलं : शिकवणारा. वही मिटून परत दिली. मग माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

"खा आता," ते म्हणाले. "निकालाचा आहे."